समुद्रावर कुणी ‘येतो’ म्हणू नये

रविवार, १२ जानेवारी. सकाळचे साडेनऊ. गोवा, समुद्रकिनारा.

हजर: निवृत्त मुख्याध्यापक वानखेडे सर, डोक्यावर खास या सहलीसाठी घेतलेली पांढरी टोपी. तामसीकडचे शेतकरी दिगांबरराव, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं. त्यांच्या मंडळी कुसुमबाई, दोघांच्या चपला हातात धरून. उटनूरच्या शिक्षिकांचा घोळका. त्या एकमेकींचा हात सोडत नाहीत, त्यामुळे एक दिसली की बाकीच्या आल्याच असं मी धरून चालते. आदिलाबादच्या कचेऱ्यांमधले कारकून, त्यांच्या बायका, मुलं. दोन्ही ड्रायव्हर बसमध्ये झोपलेले, म्हणजे हजरच.

गैरहजर: माझी आई.

ती हरवली नव्हती. थोड्या अंतरावर, नारळाच्या सावलीत पाय पसरून बसली होती आणि माळा विकणाऱ्या एका बाईशी बोलत होती. बोलता बोलता तिने त्या बाईच्या गुडघ्यावर थाप मारली आणि तोंडावर पदर घेऊन हसली. आईला असं हसता येतं हे मी विसरून गेले होते. मी हजेरी अर्धी सोडून तिकडे बघत राहिले. माझ्या कामात असं कधी होत नाही.

मी आदिलाबादहून सहली काढते. पंधरा-सोळा वर्षं झाली. उन्हाळ्यात डोंगर, संक्रांतीच्या सुट्ट्यांत समुद्र, मधल्या काळात अजिंठा, बोधगया, नागपूर. आमच्याकडे पाणी म्हणजे पैनगंगा, नाहीतर विहीर. त्यामुळे समुद्र न पाहिलेलं माणूस मला जवळपास दर घरात मिळतं, आणि त्यावर माझं घर चालतं.

बाहेरच्यांना वाटतं, सहल काढणारी बाई जागा दाखवते. जागा आपोआप दिसतात. समुद्र तर दाखवावाच लागत नाही. माझं काम म्हणजे कोणाला बस लागते ते ओळखून त्याला पुढे बसवणं, शुगरच्या गोळ्या कोण घरी विसरलं ते बस सुटण्याआधी विचारणं, संडासाची सोय कुठे आहे हे कोणी विचारायच्या आत माहीत असणं, आणि उठता-बसता माणसं मोजणं. चढताना मोजायची, उतरताना मोजायची, जेवून उठल्यावर पुन्हा मोजायची. वेळ हाच माझा माल. आणि समुद्रावर तो माल खाणारे म्हणजे फेरीवाले.

त्यांची पद्धत मी नीट पाहून ठेवली आहे. ते वस्तू दाखवत नाहीत, थेट हातात ठेवतात. हातात आलेली वस्तू वाळूत टाकायला आपली माणसं धजत नाहीत. मग ते गाव विचारतात. मग बसतात. फेरीवाली एकदा समोर बसली की तुमचा अर्धा तास गेला, कारण बसलेल्या बाईपुढून तडक उठून जाणं आपल्याला जमत नाही. हे सगळं ठाऊक असूनही दर वेळी माझीच माणसं अख्ख्या किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त वेढलेली असायची. शेजारी पुण्याची सहल असे, गुजरातची असे. त्यांच्याभोवती दोन-तीन फेरीवाले, आणि माझ्याभोवती जत्रा. पहिल्या दिवशी जत्रा, दुसऱ्या दिवशी त्याहून मोठी. दुसऱ्यांची ती मोकळी, आरामात पाय भिजवणारी माणसं पाहून माझा जळफळाट व्हायचा. आपल्यात असं काय आहे, हे काही कळत नव्हतं.

म्हणून निघण्याआधी आदिलाबादेत मी सगळ्यांची बैठक घेते आणि नियम सांगते. माल हातात घ्यायचा नाही. भाव विचारायचा नाही. गाव सांगायचं नाही. आणि बोलायचंच झालं तर तेलुगूत बोलायचं, गोव्यात तेलुगू कोणाला येतंय?

या वेळी बैठकीत मागच्या रांगेतून आवाज आला, “गाव काऊन नाई सांगाव? चोरी केली का आपुन?”

ती माझी आई. सगळे हसले. मीही हसले, कारण ती आली होती यातच मी खूश होते.

आई तामसीकडच्या खेड्यात राहते. तिचं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचण्यात गेलं. मला तिने आदिलाबादच्या हॉस्टेलात ठेवून शिकवलं. मी काय काम करते ते तिला कधी नीट उमगलेलं नाही. “लोकायले फिरवते,” असं ती गावात सांगते, आणि सांगताना तिच्या आवाजात फारसं काही नसतं. माझ्या भावाची बँकेतली नोकरी मात्र ती शाखेच्या नावासकट सांगते. मी तिला दर वर्षी सहलीला चल म्हणायची. दर वर्षी ती म्हणायची, “पानी पाह्यले एवढ्या दूर कायले? आपल्या इहिरीत नाई का?” या वर्षी शेजारच्या कुसुमबाईंनी नाव दिलं, तेव्हा ती म्हणाली, “कुसुम चालली तं मीबी येतो.” लेक नेते म्हणून नाही. कुसुम चालली म्हणून.

चालेल, मी म्हटलं. मला एवढंच हवं होतं की तिने एकदा माझं काम बघावं आणि बघून काहीतरी म्हणावं. बरं म्हणावं, वाईट म्हणावं, पण मला म्हणावं. मी तिला ड्रायव्हरच्या मागची पहिली खिडकी दिली. तिथून रस्ता दिसतो आणि मीही दिसते. सोलापूरच्या मुक्कामापर्यंत ती झोपून होती.

आता त्या रविवारच्या सकाळी परत येते. आधी माझा तेलुगूचा नियम बुडाला. एका बाईने शिंपल्यांची चौकट वानखेडे सरांच्या हातात ठेवली. सरांनी वर्गात वापरायचा आवाज काढला आणि ठणकावलं, “वद्दु!” म्हणजे नको. ती बाई गोड हसून म्हणाली, “वद्दनकंडी सार, तीसुकोंडी!” नको म्हणू नका सर, घ्या! अर्धं हैदराबाद दर हिवाळ्यात त्याच किनाऱ्यावर असतं, हे मी विसरले होते. सर माझ्याकडे असे पाहत होते की जणू मीच त्यांना चुकीचं पुस्तक दिलं.

तेवढ्यात दोन फेरीवाल्या आमच्या माणसांपर्यंत आधी कोणी जायचं यावरून आपसात वाद घालू लागल्या. त्यांच्या बोलीत, लमाणीत. आणि माझी आई मान वळवून त्याच बोलीत काहीतरी बोलली. एकीच्या हातातल्या कड्यावरच्या माळा वाजायच्या थांबल्या. मग तिने माळा बाजूला ठेवल्या आणि ती आईपुढे बसली. ही सोनीबाई. कर्नाटकातल्या कुठल्याशा तांड्यावरची, साधारण माझ्याच वयाची.

वेचणीच्या दिवसांत तांड्यावरच्या बायका आईच्या शेजारच्या ओळीत असायच्या. त्यांची बोली ती तिथेच शिकली. मला हे माहीतच नव्हतं. त्या दिवसांत मी हॉस्टेलात मराठीचं शुद्धलेखन आणि तेलुगूची बाराखडी गिरवत होते.

मी दोनदा तिकडे चक्कर मारली.

“काय म्हनून राह्यली ती?” मी विचारलं. आईशी बोलताना माझी भाषा आपोआप गावाकडे वळते.

“काई नाई. असंच.”

“असंच म्हंजे?”

“तिच्या घरचं गाऱ्हानं व. तुले नाई समजनार.”

“सांगशीन तं समजीन ना.”

“सांगून मजा जाते नं त्याची,” आई म्हणाली. “तू जाय नंदे, तुह्या लोकायले पाय. मी हितं बरी हाय.”

सोनीबाई तिला ‘याडी’ म्हणत होती. मी कुसुमबाईंना विचारलं, तर याडी म्हणजे आई. मी मनाशी म्हटलं, मावशी-काकीसारखं हे विकायचं नाव असणार. पण तिने आईला काही विकलंच नाही. मी बारीक लक्ष ठेवून होते. तिने आईपुढे एक मणीसुद्धा धरला नाही. विकलं असतं तर मला सोपं गेलं असतं. विकणाऱ्यांशी मी लढू शकते.

जेवणात मी आईसाठी मुद्दाम तळलेला बांगडा सांगून ठेवला होता. तिने ताट सरकवलं. “खाल्ला म्या,” ती म्हणाली. “सोनीच्या डब्यातला. त्यात कोकम व्हतं. तुमच्या हॉटेलवाल्याले नाई येत तसा.”

मी तो बांगडा खाल्ला. कोकम नव्हतं, हे खरं.

सोमवारी सकाळी जुन्या गोव्याला चर्च पाहायला जायचं होतं. मी हॉटेलच्या फाटकाशी आले तर बसभोवती फेरीवाल्या मांडी घालून बसलेल्या. दाराशी, चाकांशी, ड्रायव्हरच्या पायरीशी. भांडायला आल्यासारख्या दिसत नव्हत्या. बोलावलेल्या पाहुण्यांसारख्या निवांत होत्या.

“क्या है?” मी विचारलं.

“मॅडम, वो धोतीवाले अंकल. कल बोले, आता हूँ. हम शाम तक रुके.”

“टोपीवाले सार भी बोले.”

“और वो टीचर लोग. सब के सब बोले.”

मी मागे वळले. माझी माणसं एकेक करून माझ्या नजरेतून निसटायला लागली. दिगांबरराव सापडले.

“दिगांबरराव, तुम्ही हिच्याकडून काही घ्यायचं कबूल केलं?”

“नाई व मॅडम! बोट नाई लावलं मालाले. भाव नाई इचारला. गाव तेवढं सांगतलं.”

“आणि मग?”

“मंग काई नाई. उठलो. उठताना म्हनलो, अच्छा बाई, आता हूँ.”

“आता हूँ कशाला म्हणालात?”

“मंग काय म्हनू?” दिगांबरराव खरोखर गोंधळले. “जाता हूँ?”

आणि मला एकदम सगळा प्रकार कळला. इतक्या वर्षांच्या जत्रा कळल्या. आमच्याकडे कोणाच्याही समोरून उठताना माणूस ‘येतो’ म्हणतो. कचेरीतून, लग्नातून, दवाखान्यातून, भांडणातूनसुद्धा. ‘जातो’ हा शब्द जिवंत माणसाच्या तोंडी शोभत नाही. हिंदी बोलतानाही आमची माणसं तेच ‘येतो’ उचलून पुढे ठेवतात. पुण्याची सहल तोंड फिरवून चालू लागायची, गुजरातची ‘नहीं चाहिए’ म्हणायची. त्यांना फेरीवाले सोडून देत. माझी माणसं दरेकाला निघताना परत यायचं वचन देत होती, आणि त्या बायका ते खरं धरून उन्हात बसत होत्या. दुसऱ्या दिवशीची जत्रा मोठी का असायची, तेही कळलं.

त्या दिवशी फाटकाशीच बाजार भरला, कारण तोंडून गेलेला शब्द पाळल्याशिवाय बसमध्ये चढायला दिगांबररावच तयार होईनात. चर्चला आम्ही दुपारी पोचलो. वाटेत मी माईक हातात घेतला आणि नवा नियम सांगितला: समुद्रावर कुणीही ‘येतो’ म्हणायचं नाही. ‘जातो’ म्हणायचं.

शिक्षिकांनी एकमेकींचे हात आणखी घट्ट धरले.

“मॅडम,” वानखेडे सर म्हणाले, “हे तोंडी परीक्षेसारखं करून घ्यावं लागेल.” ते उभे राहिले. “सगळ्यांनी म्हणायचं, जातो.”

“येतो,” बस म्हणाली.

“जा-तो.”

शिक्षिका म्हणाल्या, पण फार हळू. कुसुमबाई दिगांबररावांच्या दंडाला धरून कडाडल्या, “तुमी नोका म्हनू! संक्रांत उद्यावर आली अन् हे अभद्र!” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुमाले बी शोभते का मॅडम, भरल्या गाडीत?”

आई पहिल्या खिडकीत होती. मी तिला म्हटलं, “आई, तू तरी म्हन.”

“माहं तोंड नाई वळत त्याले,” ती म्हणाली आणि बाहेर पाहू लागली. ती वाट पाहत होती की आपण किनाऱ्यावर परत कधी जातो. मला ते तिच्या मानेवरून कळलं.

मंगळवारी संक्रांत. कुसुमबाईंनी घरून आणलेले तिळाचे लाडू सगळ्या किनाऱ्याला वाटले, फेरीवाल्यांना आधी. माझे उरलेले नियम तिथे संपले. सगळ्यांना सोनीबाईचं नाव पाठ होतं. माझं आडनाव वानखेडे सरांनी पावतीवर वाचून विचारलं होतं, “हेच ना?” आणि सोनीबाईला, जिच्याकडे ना यादी ना हजेरीपट, कुसुमबाईंचे किती नातू आणि कुठल्या शिक्षिकेची बदली अडली आहे हे सगळं तोंडपाठ. मला तिचा हेवा वाटत होता, हे मी सरळ लिहिते. आईवरून तर होताच, धंद्यावरूनही होता.

अकराच्या सुमाराला किनाऱ्याच्या टोकाकडून शिट्टी ऐकू आली. तिथे फिरून विकायला मनाई आहे. अधूनमधून सरकारी गाडी येते आणि माल उचलून नेते. शिट्टी झाली की फेरीवाले बघता बघता नाहीसे होतात. सोनीबाईचं गाठोडं त्या दिवशी मोठं होतं, सणाचा माल. ते घेऊन पळणं शक्य नव्हतं. तिने ते आईच्या बाजूला ठेवलं आणि रिकाम्या हातांनी पाण्याकडे चालत गेली, पाय भिजवायला आलेल्या बाईसारखी. आईने गाठोडं मांडीखाली ओढलं आणि वर शाल पसरली. शालीच्या खालून आरसेकामाची एक पिशवी चमकत राहिली.

गाडीतली दोन माणसं आली. एकाने पिशवीकडे बोट केलं. “ये किसका है?”

“माह्या लेकीचं हाय,” आई म्हणाली.

त्याला कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण माझ्या गळ्यात सहलीचं ओळखपत्र होतं. “क्या बोली?”

मी नियमाने चालणारी बाई आहे. रांग मोडणाऱ्याला मी बसमधून खाली उतरवते. मी नुसतं ‘मालूम नहीं’ म्हटलं असतं तरी गाठोडं गाडीत गेलं असतं, आणि सोनीबाई त्यामागे धावली असती, आणि आई संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ बसली असती. हा हिशोब माझ्या डोक्यात पूर्ण झाला. झाला नाही असं लिहिण्यात अर्थ नाही. पाण्यात उभी असलेली सोनीबाई आमच्याकडे पाहत नव्हती. मुद्दाम पाहत नव्हती.

“मेरा है,” मी म्हणाले. “उनकी बेटी मैं. सहल के लोगों ने खरेदी किया.”

“इतना सारा?”

“इतने सारे लोग हैं.”

“हौ, मेरा भी है उसमें,” वानखेडे सर टोपी सावरत पुढे आले.

“माहंबी हाय,” दिगांबरराव म्हणाले. ते म्हणाले म्हणून शिक्षिकाही म्हणाल्या. त्या माणसाने आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं, कुसुमबाईंनी त्याच्या हातात तिळाचा लाडू ठेवला आणि तो निघून गेला.

सोनीबाई परत आली ती आईकडे न जाता आधी माझ्याकडे. तिने माझे दोन्ही हात धरले. तिचे हात ओले आणि खरखरीत होते, आईच्या हातांसारखे. माझे तसे नाहीत.

“दीदी, याडी तुम्हारा बहुत बोलती,” ती म्हणाली.

“क्या बोलती?”

“बोलती, मेरी बेटी सबको गिन के ले जाती, गिन के घर लाती. एक को भी पीछे नहीं छोडती. छोटी थी तो कापूस वेचने को लाई, वेचा नहीं, बोंड गिनते बैठी. तभी बोली मैं, इसको स्कूल डालना.”

“बस व सोने,” आई मागून म्हणाली. लाजल्यासारखी.

इतकी वर्षं मी जे ऐकायची वाट पाहत होते ते हेच होतं. ते मला मिळालं, पण दुसऱ्या बाईच्या तोंडून, तिच्या मोडक्या हिंदीत, आणि मुळात मला न येणाऱ्या बोलीत सांगितलेलं. मला बरं वाटलं. आणि त्याहून जास्त, सोनीबाईने ते माझ्या आधी ऐकलं याचा राग आला. मी ‘हाँ, ठीक है’ म्हणाले आणि माणसं मोजायला गेले. दोनदा मोजली. दोन्ही वेळा वेगळी भरली.

जेवणाच्या वेळी एक गोष्ट माझ्या मनात रुतली. मी आईला गाठलं.

“आई, लेकीचं हाय म्हनलीस, ते कोनत्या लेकीचं?”

“कोनत्या म्हंजे? लेकीचं व्हतं, लेकीचं म्हनलं.”

“पन कोनत्या?”

“बाप्पा!” आईने कुसुमबाईंकडे पाहून हात उडवले. “पाय व कुसुम, हिचं मोजनं संपतच नाई!”

मला अजून उत्तर मिळालेलं नाही.

बुधवारी सकाळी परतीची बस. फेरीवाल्या निरोपाला आल्या, विकायला नाही. मी दाराशी उभी राहून कान देऊन होते. माझ्या शिकवणीचा मान राखत वानखेडे सर एका बाईला म्हणाले, “अच्छा, जाता हूँ.” दोन पावलं चालले, थांबले, मागे वळून पुटपुटले, “आता हूँ,” आणि माझ्याकडे न बघता बसमध्ये चढले. दिगांबररावांनी नुसते हात जोडले. त्यांना ती युक्ती सुचली याचं मला कौतुक वाटलं.

आई सगळ्यांत शेवटी. तिने सोनीबाईचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, काहीतरी बोलली. सोनीबाईने मान हलवली आणि मग मला कळावं म्हणून हिंदीत म्हणाली, “याडी बोलती, आती हूँ. मैं पूछती, कब? याडी बोलती, उसको पूछ, सबको लाने वाली वो है. तो तुम बोलो दीदी. कब?”

प्रत्येक खिडकीत एक तोंड होतं. मी सगळ्या बसला ज्या शब्दापासून वाचवत आणलं होतं, तो आता मला टाळायचा होता. ‘देखते हैं’ म्हणता आलं असतं. ‘जाते हैं’ हा तर माझाच नियम होता.

“येतो,” मी म्हणाले.

हिंदीत नाही. आणि ‘येते’ही नाही. आमच्या गावाकडे बायकाही ‘येतो’च म्हणतात, ‘येते’ मी हॉस्टेलात शिकले आणि तेव्हापासून तेच बोलत आले. त्या घटकेला ‘येतो’ तोंडात कुठून आलं ते ठाऊक नाही. सोनीबाईला तो शब्द कळला. ती किनाऱ्यावर तो माझ्याच माणसांकडून ऐकत आली असणार.

“पक्का?”

“हौ, पक्का.”

बसमध्ये मागून कुसुमबाईंचा आवाज आला, “आता कसं!” आणि सगळे हसले. आई तेवढी हसली नाही. तिने खिडकीशी सरकून मला बसायला जागा केली.

भावाने आईला मोबाईल घेऊन दिला आहे. आता ती रविवारी तामसीच्या बसने आदिलाबादला माझ्याकडे येते. मला आनंद व्हायला हवा. ती येते कारण तिच्या गावात रेंज नाही आणि माझ्या गच्चीवर आहे. जेवली की ती गच्चीवर जाते आणि सोनीबाईशी बोलते. मी खाली भांडी आवरताना ऐकते. त्यांच्या बोलीतले काही शब्द मला कळायला लागले आहेत. याडी कळतो. माझं नाव कळतं. ते मधूनमधून येतं, आणि आलं की आई हसते.

येत्या संक्रांतीची सहल ठरवताना मी जगन्नाथपुरी सुचवली. तिथेही समुद्र आहे. वानखेडे सर म्हणाले, “समुद्र असेल, मॅडम, पण आपण शब्द दिलाय.” दिगांबरराव म्हणाले, “गोव्यालेच नेजा. त्या बाया वाट पाहून राह्यल्या असतीन.” म्हणून गोवा. बस सांगून झाली. सोलापूरचा मुक्काम ठरला. किनाऱ्याजवळचं तेच हॉटेल, फाटकाशी जागा मोठी असलेलं. स्वयंपाक्याला कोकम घालायला सांगितलं. बैठकीत सांगायचे नियम नव्याने लिहिले. आता फार थोडे आहेत.

आईचं नाव मात्र घातलेलं नाही. तिचे गुडघे दुखतात, असं मी भावाला सांगितलं. दुखतात, हे खरं आहे. पण गेल्या जानेवारीतही दुखत होते. नेलं तर ते चार दिवस ती सोनीबाईची असणार आणि मी बाहेरून बघणार. नाही नेलं तर मी त्या बाईला उन्हात बसवून ठेवणार.

गेल्या रविवारी मी आईला बसस्टँडवर सोडायला गेले. तामसीची बस लागली होती. तिने एक पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला आणि नेहमीसारखी म्हणाली, “येतो व नंदे.”

“कदी?” मी विचारलं.

आजवर तिला हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. आमच्याकडे कोणी विचारतच नाही. आई दांडा धरून थांबली. मागून कोणीतरी म्हणालं, “चला आजी, चढा.” ती चढली नाही. वळून माझ्याकडे नीट पाहिलं.

“तू नेशीन तवा,” ती म्हणाली. “मी तं केव्हाची तयार हाय.”

पुढच्या सहलीच्या जागा भरत आल्या आहेत. ड्रायव्हरच्या मागची पहिली खिडकी तीन जणांनी मागितली. मी तिघांनाही नाही म्हणाले. तिथे नाव लिहायचं अजून राहिलं आहे.